मला बी घ्या ना वर

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी कुणाकडून ऐकलेलं सांगत नाहीये. त्या बोटीत मी स्वतः होते.

आणि आधीच सांगते, अमावस्या नव्हती. मध्यरात्रही नव्हती.

खंडेनवमीची संध्याकाळ होती, मागच्या दसऱ्याच्या आदल्या दिवसाची. सूर्य नुकताच डोंगराआड गेला होता. चांगला उजेड होता. मला सगळं स्वच्छ दिसत होतं.

माझं कामच डोळ्यांचं आहे. नाशिकला गंगापूर रोडवर एका चष्म्याच्या दुकानात मी लोकांचे नंबर तपासते. भास कशाला म्हणतात, ते मला कळतं.

हा भास नव्हता.

धरणाचं नाव सांगणार नाही. नाशिकच्या पश्चिमेला बरीच धरणं आहेत, त्यातलं एक समजा. सुट्टीच्या दिवशी लोक तिथं पोरंबाळं घेऊन फिरायला येतात. त्यांना उगाच घाबरवायचं नाहीये मला.

त्या धरणाच्या पलीकडच्या काठावर माझी आत्या राहते. नवसाबाई तिचं नाव. तिच्या यजमानांना, भिमाजींना, आमच्याकडच्या पद्धतीप्रमाणे मी मामा म्हणते. त्यांचा फुलांचा मळा आहे. शेवंती, गुलाब, आणि दसरा-दिवाळीला झेंडू. गाडीरस्ता धरणाला मोठा वळसा घालून येतो आणि पावसाळ्यानंतर त्याची पार चाळण झालेली असते. म्हणून मामांनी एक जुनी फायबरची बोट घेतली होती. मागं पेट्रोलचं इंजिन. फुलं बोटीतून अलीकडच्या काठावर आणायची, तिथं आत्याचा मुलगा सोमनाथदादा टेम्पो घेऊन उभा, आणि तिथून थेट नाशिकचा फुलबाजार.

वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. कधी काही झालं नव्हतं.

दसऱ्याला तोडणीला माणसं कमी पडतात, म्हणून मी दोन दिवस मदतीला गेले होते. सकाळी मामांनी बोटीच्या इंजिनाची पूजा केली, झेंडूचा हार घातला. मग दिवसभर तोडणी. माझे हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते.

शेवटची खेप निघाली तेव्हा बोटीत आम्ही तिघंच होतो. मामा मागं इंजिनापाशी, आत्या आणि मी मध्ये. बाकी सगळे झेंडूचे कॅरेट. फुलं सुकू नयेत म्हणून वर ओली बारदानं टाकलेली.

लाइफ जॅकेट दोनच होती. एक मला घातलं, एक आत्याला. आम्हाला दोघींना पोहता येत नाही.

"मामा, तुम्हाला?"

"मला पाणी ओळखतं," मामा हसले.

निघालो.

वारा नव्हता. पाणी तेलासारखं गुळगुळीत. समोरच्या काठावर सोमनाथदादाचा टेम्पो काडेपेटीएवढा दिसत होता. मी मोबाईल काढून फोटो घेतला. रेंज नव्हती. पाण्याच्या मध्यावर ती कधीच नसते.

आणि तेवढ्यात...

कर्रर्र...

बोटीच्या पोटातून आवाज आला. खालून कुणी पत्रा ओढावा तसा. बोट जागच्या जागी थबकली. मी पुढच्या कॅरेटवर आपटले. आत्याच्या तोंडून "आई गं" निघालं.

मामांनी इंजिन हळू केलं. त्यांचा चेहरा बघून मला पहिल्यांदा भीती वाटली. ते घाबरले नव्हते. ते चक्रावले होते.

"हितं काय लागलं?" ते स्वतःशीच म्हणाले. "हितं काहीच नाय. हितं नुसतं खोल हाय."

पाण्याखालच्या साऱ्या जागा मामांना पाठ. जुन्या झाडांची खोडं कुठं आहेत, खडक कुठं वर येतो, सगळं. तिथून ते लांबून बोट काढतात. पण आम्ही होतो ती जागा धरणातली सगळ्यात खोल जागा होती.

मी मागं वळून बघितलं. पाण्यावर काहीच नव्हतं. ओंडका नाही, फांदी नाही.

मग माझ्या पायाला गार लागलं.

पाणी.

"मामा, पाणी येतंय!"

"कुठून येतंय बघ! कॅरेट सरकव!"

मी कॅरेट ढकलले. डाव्या बाजूला, पुढच्या टोकाजवळ, तळ फुटला होता. फट तळहाताएवढी. फायबरचे तुकडे आत वाकले होते, आणि त्यातून पाणी उसळत होतं... पंपाच्या पाइपातून शेतात पडतं तसं.

"सगळा भार मागं घ्या, उजवीकडं!" मामा ओरडले. "ते डावं तोंड वर उचललं पायजे! बारदान कोंब त्यात!"

आत्या नि मी कॅरेट मागं ओढू लागलो. ओले, जड. पाणी घोट्यापर्यंत आलं. मी एका बारदानाची घडी केली, फटीत कोंबली. पाण्यानं ती बाहेर फेकली. पुन्हा कोंबली. वर एक रिकामा कॅरेट उपडा ठेवला आणि त्यावर दोन्ही गुडघे टेकून बसले.

पाणी कमी झालं. थांबलं नाही. कॅरेटच्या जाळीतून माझ्या गुडघ्यांना त्याचा जोर कळत होता.

आत्यानं बादली घेतली. उपसायला लागली.

चळक... चळक... चळक...

"फुलं टाका!" मामा म्हणाले.

आत्या थांबली. दसऱ्याच्या बाजाराचा झेंडू होता तो.

"अहो..."

"टाक म्हणतो ना! जीव राहिला तर पुढच्या साली लावू!"

तिनं पहिला कॅरेट पाण्यात उलटा केला. मग दुसरा. मग मोजणं नाहीच. मामा एका हातानं इंजिन धरून दुसऱ्या हातानं मागचे कॅरेट ढकलत होते. बघता बघता आमच्या भोवतीचं पाणी पिवळं-केशरी झालं.

बोट हलकी झाली. पुढचं तोंड जरासं उचललं. मामांनी बोट सरळ समोर न नेता उजवीकडच्या उथळ बाजूला वळवली. लाइफ जॅकेटला शिटी होती. मी ती दातात धरून जीव तोडून फुंकत होते. काठावर सोमनाथदादा हात हलवताना दिसला. त्याला वाटलं असेल, आम्ही मजेत शिट्टी मारतोय.

आपण पोचू, असं मला तेव्हा वाटलं.

आणि इंजिनानं दोन आचके दिले.

बंद.

मामांनी दोरी ओढली. पुन्हा ओढली. पुन्हा. इंजिन नुसतं खोकलं.

एकदम शांत झालं सगळं. आत्याच्या बादलीचा आवाज तेवढा.

चळक... चळक...

बोट थांबताच पुढचं तोंड खाली बसलं. माझ्या गुडघ्यांखालून पाणी दुप्पट जोरात येऊ लागलं. बारदान बाजूनं सुटत होतं. मी पूर्ण ताकदीनं दाबत होते आणि मला रडू फुटत होतं.

तेव्हा मी ते पहिल्यांदा ऐकलं.

"मला बी घ्या ना..."

बाईचा आवाज. हळू. भिंतीपलीकडून कुणी बोलावं तसा.

मला वाटलं आत्या बोलतेय. मी मान वळवली. आत्याचे ओठ घट्ट मिटलेले होते. ती दात-ओठ खाऊन पाणी उपसत होती.

"आत्या, तू काही बोललीस?"

तिनं मान हलवली. नाही.

पुन्हा...

"मला बी घ्या ना वर..."

आवाज खालून येत होता.

माझ्या गुडघ्यांखालून. बोटीच्या तळापलीकडून. पाण्यातून.

आत्याची बादली थांबली. तिनंही ऐकलं होतं. तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मला दिसलं. मामा आमच्याकडं पाठ करून दोरी ओढत होते, शिव्या देत होते. त्यांना काही ऐकू गेलं नाही. ते आजही म्हणतात, मी काही ऐकलं नाही.

पाणी आता माझ्या मांड्यांपर्यंत होतं. बोटीची डावी कड पाण्याला लागायला चार बोटं उरली होती. ती कड बुडाली की संपलं.

"मला घेता का? काठाला लावते. मला घेता का वर?"

मी आत्याकडं बघितलं.

आत्या खाली वाकली. अगदी माझ्या गुडघ्यांजवळ तोंड नेलं तिनं. दारापलीकडच्या शेजारणीशी बोलावं तशी बोलली.

"घेते बाई. देवाशपथ घेते. आधी माझ्या माणसांना काठाला लाव."

आणि पाणी थांबलं.

कमी झालं नाही, थांबलं. कुणी नळ बंद करावा तसं. माझ्या गुडघ्यांखाली जो जोर होता, तो गेलाच. मी बारदान नुसतं धरून होते, आणि बारदान हलत नव्हतं. बाहेरून कुणी... काय सांगू तुम्हाला... बाहेरून कुणी तळहात लावून धरल्यासारखं.

"थांबलं का?" मामा मागून ओरडले.

"थांबलं," आत्या म्हणाली.

"शाब्बास! दाबून धर हर्षे, सोडू नको!"

मी काही दाबत नव्हते.

मामांनी वल्हं काढलं. एकच वल्हं होतं. ते त्यांनी पाण्यात घालायच्या आधीच बोट हलली.

वारा नव्हता, सांगितलं मी. इंजिन बंद होतं. तरी बोट काठाकडं निघाली. सावकाश. एका चालीनं.

मामा वल्हं हातात धरून तसेच बसले. मग म्हणाले, "ओढ हाय वाटतं पाण्याला." आणि उगाच वल्हं मारायला लागले.

मी डाव्या बाजूला बघितलं. बघायला नको होतं.

फुलं आमच्याबरोबर येत होती. शेकडो झेंडू, बोटीच्या मागं-पुढं, डुलत. सगळं पाणी फुलांनी झाकलेलं.

एक जागा सोडून.

बोटीच्या डाव्या कडेला लागून, मी बसले होते तिथंच, पाण्याचा एक तुकडा मोकळा होता. एक माणूस मावेल एवढा. त्यात एकही फूल नव्हतं. फुलं त्याच्या कडेपर्यंत यायची आणि बाजूला व्हायची. गर्दीत कुणी वाट काढत चाललं की लोक सरकतात ना, तशी.

तो मोकळा तुकडा आमच्याबरोबर चालत होता.

मी डोळे मिटून घेतले.

बोटीचा तळ चिखलाला घासला तेव्हा मी डोळे उघडले. सोमनाथदादा आणि त्याचा दोस्त चंदर कमरेएवढ्या पाण्यात धावत आले. चंदरनं मला अक्षरशः उचलून बाहेर काढलं. मी कॅरेटवरून उठले, तशी फटीतून पुन्हा पाणी भसाभस आत आलं. बारदान पाण्यावर तरंगत बाहेर आलं.

मी काठावर बसून ओकले.

आत्या मात्र बोटीपाशीच उभी होती. पोटऱ्यांएवढ्या पाण्यात. पाण्याकडं बघत. तिनं उजवा हात जरासा पुढं केला होता...

"अगं, चल की!" मामांनी तिचा दंड धरून तिला ओढली. ती ओढली गेली. पण तिची मान मागंच होती.

सोमनाथदादानं टेम्पोतला टॉवेल आणून दिला. आम्हाला चहा पाजला. मग सगळ्यांकडं बघत म्हणाला,

"ती बाई कुठं गेली?"



"कोणती बाई?" मामांनी विचारलं.

"अहो, बोट ढकलत होती ती. डाव्या बाजूला. डोक्यावरून पदर घेतलेली. मला वाटलं, वाटेत कुणाला घेतलं तुम्ही."

"कुठं बघितली तू?"

"तिकडं मधी. छातीएवढ्या पाण्यातून चालत येत होती ना बोटीला हात लावून. चंदर, तू बी बघितलं की."

चंदरनं मान डोलावली. त्याचा चहा तसाच हातात होता.

मामा वळून धरणाकडं बघायला लागले. पिवळ्या फुलांचा एक लांब पट्टा पाण्यावर उरला होता, आम्ही आलो त्या वाटेनं.

"सोमनाथ," ते हळूच म्हणाले, "तिथं नारळाचं झाड उभं केलं तरी बुडंल."

त्या रात्री आम्ही टेम्पोनं वळसा घालून मळ्यावर गेलो. दसरा कसा झाला, मला आठवत नाही. सोनं वाटलं की नाही, तेही आठवत नाही. आत्याला ताप भरला. ती एकच वाक्य बोलत राहिली.

"मी शब्द दिलाय तिला."

मामा आधी समजूत काढत होते, मग चिडले.

"बुडणाऱ्या माणसानं दिलेला शब्द कोण धरतं?"

"बुडणाऱ्याचा शब्द," आत्या म्हणाली, "बुडालेलीनं धरला असंल तर?"



नंतर मामांनी आजूबाजूच्या वस्त्यांवर चौकशी केली. कुणाची बायको, सून, बहीण पाण्यात गेली होती का. कुणाला काही सांगता आलं नाही. शेजारच्या मळ्यातल्या लंकाबाई म्हातारीचं डोकं अजून लख्ख आहे. ती एवढंच म्हणाली, "पाण्यात कोण कोण हाय, ते पाण्यालाच ठावं. पण नवसे, एक सांग. तिनं तुम्हाला तारलं... का आधी फोडलं बी तिनंच?"

हा विचार माझ्या मनात आला नव्हता. आता जात नाही.

बोट दुरुस्तीला नाशिकला पाठवली. मिस्त्री म्हणाला, तरंगता ओंडका लागला असेल, असं होतं. मामांनी ते लगेच मान्य केलं. मीही केलं असतं. पण मी मागं वळून बघितलं होतं. ओंडका नव्हता.

मी परत आले. दुकान, घर, दुकान. बादलीत नळ सोडला की बाथरूममध्ये थांबायचं नाही. ताटं घासताना सिंकमध्ये पाणी साचू द्यायचं नाही. रूममेट गावी गेली की दिवा चालू ठेवून झोपायचं. हळूहळू सवय झाली.

दिवाळी होऊन गेल्यावर सोमनाथदादाचा फोन आला. आत्याला नीट दिसत नाही म्हणते, चष्म्याचा नंबर बघ. दादा तिला जीपमधून वळशाच्या रस्त्यानं अलीकडच्या काठापर्यंत आणून सोडेल, पुढं तू स्कूटीवर घेऊन जा.

मी गेले. भर दुपार होती. पोरं पाण्यात दगड मारत होती, कुणीतरी भेळेची गाडी लावली होती. इतकं साधं दृश्य की मला माझंच हसू आलं.

आत्या वाळली होती. डोळ्यांखाली काळं. दादाची जीप वळली, तशी ती मला म्हणाली,

"हर्षे, जरा खाली जाऊन येते."

"कुठं?"

ती पाण्याकडं चालायला लागली होती.

मी मागं धावले. "आत्या, वेडी आहेस का? चल परत!"

"तू नको येऊ. तू शब्द नाय दिला."

ती घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली. उजवा हात पुढं केला. गाईला चारा द्यावा तसा, तळवा वर करून. आणि साध्या आवाजात म्हणाली,

"मी आले. चल. ये वर."

काहीच झालं नाही.

पोरं दगड मारतच होती. पाणी हललं नाही. मी मनात म्हटलं, बरं झालं, आत्याचं मन तरी मोकळं होईल.

मग आत्याची बोटं मिटली. हळूहळू, एकेक करत.

ती वळली आणि चढ चढायला लागली. फार सावकाश. एक पाऊल टाकायची, थांबायची, पुन्हा एक. आजारी माणसाला आधार देत आणावं तशी. उजवा हात अंगापासून जरा लांब धरलेला.

"पाय दुखतोय का?" मी विचारलं.

"नाय. चल लवकर."

मी स्कूटी चालू केली. ती मागं बसली. माझ्या पाठीला अगदी चिकटून. मला हँडल नीट धरता येईना.

"आत्या, जरा मागं सरक ना."

"जागा नाय," ती म्हणाली.

मी वळून बघितलं नाही. आरशात तर मुळीच नाही. मला वाटतं, तेव्हाच मला सगळं कळलं होतं. पण कळलं असं म्हणायची हिंमत नव्हती. मी नुसती गाडी चालवत राहिले. चढावर गाडी ओढत नव्हती. नवी गाडी होती माझी. द्राक्षबागा गेल्या, रोपवाटिका गेल्या, लग्नाचे लॉन्स गेले, दुकानं सुरू झाली. शहर आल्यावर जरा बरं वाटलं. मी मुद्दाम मोठ्यानं बोलत होते. इथं नवीन मॉल झालाय, ही माझी भाजीवाली, या गल्लीत माझं घर, आधी दुकानात जाऊ मग घरी जेवू... आत्या हूं हूं करत होती.

मध्येच एका चौकात भयंकर गर्दी होती. आम्ही रिक्षा-बसच्या मध्ये अडकलो. सिग्नल दोनदा सुटला, दोनदा लागला. मग पुढं निघालो.

पुढच्या चौकात ट्रॅफिक पोलिसानं शिटी मारली. हात करून बाजूला घेतलं.

"काय मॅडम, ट्रिपल सीट?"

"दोघीच आहोत साहेब."

तो आमच्याकडं बघतच राहिला. मागं बघितलं, आजूबाजूला बघितलं. पोरगेला होता, माझ्याच वयाचा.

"आत्ता तिघी होत्या ना? त्या चौकातून इकडं येताना मी बघत होतो. मागं एक बाई बसल्या होत्या. डोक्यावरून पदर... भिजल्या होत्या." तो थांबला. "मध्ये कुठं उतरवलं त्यांना?"



"उतरली असंल," माझ्या मागून आत्या म्हणाली. "तिची ती."

त्यानं आम्हाला सोडलं. पावती फाडली नाही. आम्ही निघालो तरी तो रस्त्याकडंच बघत होता.

गाडी आता वाऱ्यासारखी पळत होती.

दुकानात मी आत्याचे डोळे तपासले. जवळचा नंबर थोडा वाढला होता, बाकी काही नाही. डोळे निकोप होते. संध्याकाळी माझ्या घरी ती दोन भाकरी जेवली. दसऱ्यापासून पहिल्यांदा पोटभर. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला होता. म्हणाली, आज झोप येईल. आणि खरंच लहान पोरासारखी झोपली.

मी रात्रभर खिडकीपाशी बसून होते.

सकाळी चहा घेताना मला राहवलं नाही.

"आत्या, खरं सांग. ती कुठं उतरली?"

"मी नाय वळून बघितलं. पाठीवरचं वझं गेलं, तवा कळलं."

"काही बोलली का?"

"रस्ताभर काय नाय. उतरताना एवढंच इचारलं."

"काय?"

आत्यानं कप खाली ठेवला. माझ्याकडं बघितलं नाही.

"ही पोरगी कुठं राहती, म्हणली."

"मग? तू काय सांगितलंस?"

आत्या कप विसळायला उठली. मग म्हणाली,

"मी कशाला सांगू, बाई? तूच तर दाखवत आलीस की. ही गल्ली, हे घर..."

मामांची बोट आता दुरुस्त झालीये. ते म्हणतात, पाणी पहिल्यासारखं झालंय, काही त्रास नाही. आत्याही बरी आहे. दिवाळीनंतरची शेवंती चांगली आलीये म्हणे.

मी घर बदलायचं म्हणते, पण अजून बदललेलं नाही. दुसऱ्या घरी गेले तरी ती येणार नाही, असं कुठं आहे?

अजून तरी कुणी आलेलं नाही.

निदान बेल वाजवून तरी नाही...